भरोशाची गाडी

आमच्या घरात गाडीतलं फक्त एकाच माणसाला कळतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तो माणूस म्हणजे माझ्या नणंदेचा, दीपमालाचा, नवरा महादेवराव. राहतात अकोल्याला, पण अमरावतीचं आमचं घर त्यांच्याच सल्ल्याने चालतं. सासू-सासरे त्यांना जवाईबापू म्हणतात, म्हणून आम्हीही जवाईबापूच म्हणतो. त्यांना गाड्यांतलं का कळतं, तर त्यांनी आजवर बऱ्याच गाड्या बदलल्या. का बदलल्या, हे कोणी विचारत नाही. एक बाभळीला लागली, एक उभ्या ट्रॉलीखाली गेली, आणि एक पुलाच्या कठड्यावर अशी चढली की उतरवायला क्रेन आणावी लागली. ज्याने जास्त ठोकल्या तो जाणकार, असा आमच्याकडचा न्याय. या न्यायाने मी शाळेत दरवर्षी नापास होणाऱ्या पोरालाच मास्तर नेमायला हवं.

मी बडनेऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा नवरा नितेश अमरावतीत एका पतसंस्थेत आहे. सासरे नत्थुजी आणि सासूबाई लीलाबाई वरूडकडची संत्र्याची बाग वाट्याने देऊन आमच्याकडे राहायला आलेत. आणि आमची जुईली, चार वर्षांची. स्कूटरवर तिला पुढे उभी करून आम्ही फिरायचो, सगळं गाव फिरतं तसं. मग एक दिवस राजकमल चौकात एक ऑटोवाला मध्येच वळला, नितेशने ब्रेक दाबला, आणि जुईलीची हनुवटी हँडलवर फुटली. टाके घालताना ती माझ्या हाताला कडकडून चावली. त्याच दिवशी मी सांगितलं, आता गाडी घ्यायची, आणि अशी घ्यायची की या पोरीला पुन्हा लागता कामा नये. मला दुसरं काही नको होतं. रंग नको, नंबर नको, वरचं उघडणारं काचेचं छत तर मुळीच नको.

"हो हो, सेफ्टी तर पायजेच," नितेश म्हणाला, आणि त्याने लगेच अकोल्याला फोन लावला.

जवाईबापू आले. शोरूममध्ये गाडी पारखायची त्यांची एक पद्धत आहे. बॉनेटवर बोटाची गाठ आपटायची, कान द्यायचा आणि मान हलवायची. टरबूज घेताना माणसं करतात ना, तसं. त्यांचं पाहून नितेशने ठोकलं. नितेशचं पाहून सासऱ्यांनी ठोकलं.

"पत्रा पातय हाये," जवाईबापूंनी निकाल दिला.

मी म्हटलं, "समोरचा भाग चुरगळावा म्हणूनच तसा करतात. थो चुरगळला त आतलं माणूस वाचते."

"वहिनी, चुरगाळाचीच असन त कागदाची घ्या ना मंग."

सगळे हसले. शोरूमचा माणूसही हसला. त्याला गाडी विकायची होती, तो कशालाही हसला असता. हसून झाल्यावर त्याने सांगितलं, की या मॉडेलला सहा एअरबॅग आहेत. नितेशने बोटांवर हिशेब केला. "आई, बाबा, मी, तू, जुईली. पाच झालो. सहावी काहून?"

"पाव्हण्याले," जवाईबापू म्हणाले.

एम.कॉम. झालेला माझा नवरा हे ऐकून समाधानाने मान डोलावत होता. एअरबॅग म्हणजे त्याच्या लेखी लग्नातली उशी, माणशी एक. मला हसू आलं नाही, लाज वाटली.

सासूबाईंचा सवाल वेगळाच होता. "माणसं किती मावते?" पाच सीटची गाडी आहे म्हटल्यावर त्या चिडल्या. "सीटा नाई विचारल्या बाप्पा, माणसं विचारली." सासऱ्यांनी मात्र घरून येताना संत्र्याचं एक रिकामं क्रेट आणलं होतं. ते त्यांनी डिक्कीत आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, आणि बाहेर काढलं. त्या दिवशी शोरूममध्ये अकलेचं काम झालं ते एवढंच.

शेवटी मी पसंत केलेलीच गाडी आली, पण माझ्यामुळे नव्हे. टक्कर देऊन घेतलेल्या चाचणीत तिला पुरे तारे मिळालेत, हे मी कंठशोष करून सांगत होते तेव्हा कोणी ऐकलं नाही. मग अकोल्यात कोणा बड्या डॉक्टरने तीच घेतल्याचं जवाईबापूंना कळलं, आणि एका दिवसात तिचा पत्रा जाड झाला. "मी म्हनतच होतो, हेच घ्या म्हनून," ते म्हणाले. कधी म्हणत होते, देव जाणे.

अंबादेवीसमोर पूजा झाली. चाकांखाली लिंबं फुटली. मी त्याच आठवड्यात जुईलीसाठी लहान मुलांची सीट आणली, मागच्या डाव्या बाजूला गाडीच्याच बेल्टने आवळून बसवली, आणि शिकवणीला जावं तसं दीड महिना मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जाऊन स्वतः लायसन्स काढलं. नितेशनेही काढलं, पण हायवे आला की त्याला जवाईबापू लागतात. सीट पाहून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पोट्टीले बांधून ठेवतं का वं? बकरी हाये का थे? अन् एका मानसाची जागा खाऊन राह्यली हे खुर्ची."

जवाईबापूंनी गाडीला आहेर आणला. दोन चकचकीत क्लिपा, वर गरुड कोरलेला. ही क्लिप बेल्टच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं माणसाने बेल्ट लावला, आणि ती टुंटुं करायची थांबते. म्हणजे गाडीला फसवायचं. गाडी फसते, कारण तिला अक्कल नाही. फसवणाऱ्याला तरी असावी, अशी माझी भाबडी समजूत. मी काढायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. जावयाने दिलेली वस्तू अशी उपटून टाकतात का? त्यांनी दोन्ही क्लिपांना हळदकुंकू लावलं.

आमच्याकडे नव्या गाडीची पहिली लांबची फेरी जावयाच्या हाताने होते. ठरलं कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर, नदीकाठचं देऊळ, दर्शन घ्यायचं, डबा खायचा आणि परत. मी जुईलीला तिच्या सीटमध्ये बसवलं, शेजारी बसले आणि माझा बेल्ट ओढून खट्‍कन लावला. जवाईबापूंनी आरशातून पाहिलं. गाडी सुरू होती ती बंद केली.

"वहिनी, बेल्ट काहून लावला?"

"लावाचा असते म्हनून."

"माह्यावर भरोसा नाई का?"

पुढे बसलेल्या सासूबाई मागे वळल्या आणि मला डोळ्यांनी दाबू लागल्या. नितेश माझ्या कानाशी कुजबुजला, "काढ ना वं. त्यायले वाईट वाटते." म्हणजे बेल्ट लावणं हे आमच्याकडे ताटातलं अन्न हुंगून पाहण्यासारखं. ज्याने वाढलं त्याचा अपमान. माणूस गाडी चांगली चालवतो की वाईट, हा मुद्दाच नाही. तो जावई आहे, हा मुद्दा. आणि जावयाच्या मागे बेल्ट लावून बसणारी सून म्हणजे घराण्याला लागलेला कलंक.

मी काढला नाही. जवाईबापूंनी गाडी सुरू केली आणि सूड म्हणून वाटेतल्या कुऱ्ह्यापर्यंत ती अशी हळू चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. एका बैलगाडीवाल्याने तर काय बिघडलं म्हणून विचारलं. देवळात पाया पडून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं काढलं, "अथूनच किसनानं रुक्मिनीले रथात बसवून नेलं. मागं एवढी फौज. बेल्ट होता का रथाले?"

"रथ दारुक हाकत होता, जवाईबापू," मी म्हटलं. "किसन त्या गावचा जवाई होनार होता, पन हाकाले त्यानं दुसरा मानूस ठेवला होता."

सासरे फस्सकन हसले आणि मग खोकल्याचं नाटक केलं. जवाईबापू जेवले नाहीत. सासूबाईंनी त्यांना मिन्नतवाऱ्या करून अर्धी पुरी खायला लावली आणि घरी आल्यावर चार दिवस माझ्याशी अबोला धरला. तो माझ्या पथ्यावरच पडला.

पुढच्या महिन्यात घरातला टीव्ही बंद पडला. टीव्हीतलंही जवाईबापूंना कळतं, हे वेगळं सांगायला नको. अकोल्यात त्यांच्या ओळखीचं दुकान होतं. रविवारी जायचं ठरलं, गाडी न्यायला जवाईबापू आदल्या रात्रीच मुक्कामी आले, आणि नेमकी त्याच रविवारी माझ्या शाळेत बाहेरची एक परीक्षा आली, मला ड्युटी लागली. जुईलीला आत्याकडे जायचं होतं. तिने आदल्या दिवसापासून फ्रॉक काढून ठेवला होता, तिला नाही म्हणवेना. सकाळी मी स्वतः तिला सीटमध्ये बसवलं, पट्टे आवळले, आणि नितेशचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"हिले याच्यातून काढाची नाई. जाताना बी अन् येताना बी. अन् येताना तूच चालव. म्हन शप्पथ."

"शप्पथ. तू बी ना आकांक्षा, बाप हाओ मी तिचा."

बाप होता. म्हणूनच मी डोळे मिटून परीक्षेला गेले.

संध्याकाळी मी फाटकाशी उभी होते. गाडी आली ती आमच्या गल्लीत कधी नव्हे इतकी हळूहळू, खड्डा चुकवत, लग्नाची वरात यावी तशी. चालवत होते जवाईबापू. खिडकीतून नितेश हात बाहेर काढून समोरच्या पोरांना बाजूला करत होता. "सरका, सरका, काच हाये!" मला आधी वाटलं काही मजाच आहे. मी मागचं डावं दार उघडलं.

जुईलीच्या जागी टीव्ही बसला होता. खोक्यात होता, उभा. त्याच्या अंगावरून तिरपा बेल्ट घेऊन खाली नीट अडकवलेला. दोन्ही कडांना टॉवेल खोचलेले, खाली सासूबाईंची दुलई अंथरलेली, आणि पलीकडे सासरे आणि नितेश एकमेकांच्या मांडीवर आल्यासारखे दाटीवाटीने बसून त्याला हाताने सावरून होते. बेल्ट कसा लावतात हे या लोकांना ठाऊक होतं, इतकंच नव्हे तर फार सुंदर ठाऊक होतं. पट्ट्याला कुठे पीळ पडला नव्हता.

"जुईली कुठी हाये?"

जुईली पुढे होती, आजीच्या मांडीवर. फ्रॉक गळ्यापासून पोटापर्यंत तांबडा झाला होता आणि तोंडाशी धरलेल्या पदरातून अजून रक्त झिरपत होतं. ती रडत नव्हती. रडून संपलं होतं.

मग सगळे एकदम बोलू लागले. मूर्तिजापूर यायच्या आधी रोही आडवा आला, नीलगायीचा नर, घोड्याएवढा. जवाईबापूंनी काय ब्रेक मारला म्हणता! दुसरा कोणी असता तर गाडी रोह्यावर गेली असती. जुईली जरा पुढे आदळली, समोरच्या डॅशबोर्डवर तोंड लागलं, दोन दात पडले, ओठ थोडा फाटला, पण दुधाचेच दात, येतात परत. ढाब्यावरून हळद घेऊन दाबली.

"अन् टीव्ही जाग्यावरून हालला नाई," जवाईबापू उतरता उतरता म्हणाले. "मी सोता बांधला होता. देवाची कृपा."

मी नितेशकडे पाहिलं. तो खोक्याकडे पाहत होता.

"सीट कुठी हाये तिची?"

"डिक्कीत. टीव्ही आडवा ठेवू नका म्हने दुकानवाला, काच तडकते. मंग जागा कुठून... अन् तुले सांगतो, जवाईबापू म्हनले, मी हाओ ना चालवाले, पोट्टीले काय होते."

"दवाखान्यात काहून नाई नेलं? मूर्तिजापुरात डॉक्टर नाई? बडनेऱ्यात नाई?"

सासरे खाली पाहत होते. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "टीव्ही गाडीत ठेवून कसं जाचं वं? कोनं काच फोडून नेला असता त?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला या चौघांची किळस आली. त्यातला एक माझा नवरा होता आणि त्याने सकाळी माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता, त्याची जास्त आली. मूर्ख माणसाला मी माफ करते, रोज वर्गात करते. ही माणसं मूर्ख नव्हती. कोणती वस्तू फुटते आणि फुटू नये म्हणून काय करायचं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनी ते केलंही होतं.

मी खाली वाकून टीव्हीचा बेल्ट सोडला आणि खोक्याची एक कड धरून ओढली.

"हयू, हयू! काच हाये!" नितेश ओरडला.

"मंग धर दुसरीकून. मी सोडून राह्यली."

त्याने धरला. दोघे बापलेक खोकं छातीशी कवटाळून फाटकात उभे राहिले. मी डिक्की उघडली. नणंदेने दिलेल्या तुरीच्या डाळीच्या कट्ट्याखाली जुईलीची सीट उलटी पडली होती. कट्टा मी रस्त्यावर ओढला, तो फुटला, डाळ सांडली, सांडू दिली. सीट मागे बसवली, गुडघा देऊन पट्टा आवळला. मग सासूबाईंच्या मांडीवरून जुईलीला उचललं. त्यांनी ती पटकन सोडली नाही. "रात्री जाऊन पाहू ना डॉक्टरकडं, आत्ता पोट्टी झोपाले आली..." मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

जुईलीला सीटमध्ये ठेवून दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेतले. स्वच्छ रुमाल तिच्या तोंडाशी दिला. ती माझं सगळं काम मोठ्या लक्षाने पाहत होती.

पुढचं दार उघडून मी हळदकुंकवाच्या त्या दोन क्लिपा खाचांतून उपटल्या. जवाईबापू किल्ली बोटावर फिरवत उभे होते.

"तुमी घाबरल्या हा, वहिनी," ते समजुतीने म्हणाले. "व्हा बाजूले, मी नेतो दवाखान्यात. माह्यावर भरोसा नाई का?"

"नाई," मी म्हटलं.

गल्लीतले लोक दारात आले होते. सासूबाईंच्या तोंडून 'अगं माय' निघालं. मी जवाईबापूंच्या तळहातावर दोन्ही क्लिपा ठेवल्या आणि बोटावरची किल्ली काढून घेतली. आहेर परत करण्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो, तो त्यांनाही कळला. तळहात तसाच उघडा राहिला आणि चेहरा जरा वेळ रिकामा झाला. त्या चेहऱ्यावर मी आजवर पाहिलेली ती पहिली शहाणपणाची खूण.

नितेश टीव्ही धरूनच म्हणाला, "थांब, मी येतो." पण टीव्ही खाली ठेवल्याशिवाय त्याला येता येत नव्हतं, आणि रस्त्यात डाळ सांडली होती, आणि खोकं आडवं ठेवायचं नव्हतं. तो इकडेतिकडे जागा शोधत राहिला. मी वाट पाहिली नाही.

मी बसले, बेल्ट ओढला. खट्‍ आवाज झाला. गाडी मागे घेताना आरशात जुईली दिसली. तिने एक हात छातीवरच्या पट्ट्यावर ठेवला होता, आणि दुसऱ्या हाताने पट्टा जिथे अडकतो ते लाल बटण चाचपत होती. पुढचे दात गेल्यामुळे तिचे शब्द हवेसारखे येत होते.

"आई," ती म्हणाली, "आता मी टीव्ही झाली का?"

मी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. मला पुढचं काही दिसत नव्हतं म्हणून थांबवली. पदराने डोळे पुसले, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि मग दवाखान्याच्या रस्त्याला लागले.

"हो," मी म्हटलं. "झाली."